आठवणी कुणाच्या नावावर?

माणसाच्या आयुष्याची पहिली तीन वर्षं त्याच्या स्वतःच्या नावावर नसतातच, ती आईवडिलांच्या नावावर असतात. पहिलं पाऊल कधी टाकलं, कुणाला बघून भोकाड पसरायचो, हे सगळं आपल्याला ऐकून ठाऊक. बहुतेकांची स्वतःची अशी सर्वांत जुनी आठवण तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासची निघते. त्याआधी मूल काही लक्षात ठेवत नाही असं नाही. दीड वर्षाचं पोर काल लपवलेलं खेळणं आज बरोबर हुडकून काढतं. पण ते पुढे टिकत नाही. मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात त्या वयात नव्या पेशी भराभर तयार होतात आणि त्या गर्दीत जुन्या जोडण्या विस्कटतात, असं २०१४ साली उंदरांवरच्या प्रयोगांतून पुढे आलं.

मग उरले साक्षीदार कोण? तर आईवडील, ज्यांची त्या वर्षांत सलग झोपही झालेली नसते. कुठलाही वकील असा साक्षीदार पिंजऱ्यात उभा करणार नाही. घरोघरचे वाद ऐका म्हणजे कळेल. थोरल्याचा किस्सा धाकट्याच्या नावावर खपतो आणि पडलेला दात कुणाचा, यावर आई आणि बाबा दोघेही ठाम असतात.

या बाबतीत चार्ल्स डार्विन शहाणा. त्याचा थोरला मुलगा विल्यम १८३९च्या डिसेंबरात जन्मला आणि बापाने पहिल्या आठवड्यापासूनच त्याच्या शिंका, उचक्या, जांभया टिपायला घेतल्या. सातव्या दिवशी कागदाच्या कपट्याने तळपायाला स्पर्श केला, तर बाळाने पाय झटकन मागे घेतला आणि बोटं वळवली, हेही लिहिलेलं आहे. बरोबर वर्षाचा झाल्यावर त्याने खाण्यासाठी ‘मम’ हा शब्द स्वतःच काढला. (म्हणजे तिकडेही मंमंच!) या नोंदींवरचा लेख १८७७ साली ‘माइंड’ या नियतकालिकात छापून आला, तेव्हा बाळाने सदतिशी गाठली होती.

मला मात्र त्याची दुसरी नोंद जास्त जवळची वाटते. १८५१च्या एप्रिलमध्ये त्याची मुलगी ॲनी दहाव्या वर्षी गेली. आठवड्याभराने त्याने तिच्याबद्दल काही पानं लिहून ठेवली. पुढे वाचली तर तिचं वागणं-बोलणं जास्त स्पष्ट आठवेल, एवढ्याचसाठी. तो भरभर चालत असला तरी ती पुढे जाऊन गिरक्या घेत राहायची. अर्धा अर्धा तास त्याचे केस विंचरून ते ‘सुंदर’ करत बसायची. बक्षिसं, समारंभ यांना तिथे फारसा थारा नाही, आहेत त्या सगळ्या सवयी.

आपण नेमकं उलट करतो. समारंभ साठवतो, सवयी सोडून देतो. वाढदिवसाचे ढीगभर फोटो असतात, पण ते पोर झोपेत कुणाच्या कानाची पाळी धरायचं, याचा पुरावा कुठेच नसतो. फोटोंवर माझा राग नाही. मात्र लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी संग्रहालयात केलेला एक प्रयोग आहे. ज्या वस्तूंचे नुसते फोटो काढले त्या लोकांना कमी आठवल्या आणि ज्या नुसत्या बघितल्या त्या जास्त. गंमत अशी, की जिथे लेन्स जवळ नेऊन वस्तूचा एखादाच भाग टिपला होता, तिथे हा तोटा झाला नाही. बारकाईने बघितलं की टिकतं, असं मी त्यातून घेते.

जुन्या व्हिडिओतही पुढे पुढे आपण मुलाचा नाच बघतच नाही. मागचा पडदा बघतो, कोपऱ्यात वाळत घातलेले कपडे बघतो. आजी कुणाला तरी रागावत असते आणि तो आवाज आता दुसरीकडे कुठेच नसतो. आणि व्हिडिओ काढणारा माणूस? त्याचा फक्त ‘अगं, इकडे बघ ना’ एवढाच अंश हाती लागतो. तरुण आई, तरुण बाप असा हद्दपार होतो. मुलांना त्यांचा तो चेहरा आठवत नाही आणि त्यांना स्वतःला तो कधी दिसलेलाच नसतो.

टिकवण्याचंही एक शास्त्र आहे, पण ते थोडक्यात. सोनोग्राफीचा कागद उष्णतेने छापला जाणारा असतो, तो आपोआप पुसट होतो. गरम लॅमिनेशन केलंत तर काळा ठिक्कर पडेल, त्यापेक्षा वेळीच स्कॅन करून ठेवा. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो बाहेर काढा. मागे नाव-साल लिहायचं ते मऊ पेन्सिलीने, बॉलपेनचे वळ पुढून उमटतात.

आमच्याकडे एक वही आहे, शाळेच्या रद्दीतून वाचलेली, अर्धी पानं गणिताची. उरलेल्या पानांत लेकीची वाक्यं. ‘मी उद्या पडले होते.’ ‘डोळे मिटल्यावर तू कुठे जातेस?’ आणि एकदा जिन्यात, कडेवर बसून, अगदी समजुतीच्या सुरात, ‘तू लहान होशील ना, तेव्हा मी तुला उचलीन हं.’ शेजारी त्या वेळची माझी कुरकुरही आहे. हात भरून आलाय, ही चालायला तयार नाही, वगैरे. ती मी खोडली नाही. पालकपणाच्या आठवणीत निव्वळ गोडवाच ठेवला तर पुढच्या पिढीला वाटायचं, हिला सगळं सोपं गेलं.

लेक आता मोठी झाली आहे आणि तिने ही वही तपासायला घेतली आहे. काही वाक्यांपुढे ‘हे मी बोललेच नव्हते’ असा शेरा आहे, लाल शाईत. परवा शेवटून वही उघडली तर तिथे तिने स्वतःचं खातं सुरू केलेलं. ‘आई चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधते. सापडला की आम्हालाच म्हणते, सांगायला काय झालं होतं?’ खाली तारीख, आणि कंसात, ‘रोजचंच’.