कुस्कोच्या गच्चीवर पिस्को सावर शिकताना

पेरूमधील कुस्को शहरात पिस्को सावर, म्हणजे पिस्को या द्राक्षांच्या मद्यात लिंबाचा रस आणि पाक मिसळून केलेले पेय, स्वतःच्या हाताने करायला शिकवणारे वर्ग चालतात. त्यांपैकी सान ब्लास या चढावरच्या जुन्या वस्तीतील, गच्चीवरून शहर दिसेल असा एखादा वर्ग घ्यायचा, हे मावसबहिणीने आणि मी प्रवासाला निघण्यापूर्वीच ठरवले होते. ठरवण्यात एक चूक झाली आणि ती सर्वस्वी आमची होती: लिमाहून सकाळच्या विमानाने कुस्कोला पोहोचायचे आणि त्याच संध्याकाळी वर्गाला जायचे, अशा बेताने आम्ही आरक्षण करून ठेवले. लिमा समुद्रकाठी आहे आणि कुस्को सुमारे ३,४०० मीटर उंचीवर. तेथील हवेचा दाब समुद्रसपाटीवरील दाबाच्या जेमतेम दोन तृतीयांश असतो. दुपारपर्यंत आम्हा दोघींचे डोके ठणकू लागले आणि दहा पायऱ्या चढल्या की अकराव्या पायरीवर बसावेसे वाटू लागले. वर्ग घेणाऱ्यांना तसे कळवल्यावर त्यांनी कोणताही प्रश्न न विचारता पाच दिवसांनंतरची वेळ दिली. असे कळवणाऱ्या आम्ही पहिल्या नव्हतो, हे त्या तत्परतेवरूनच लक्षात आले.

म्हणून पुढे जाणाऱ्यांना पहिली सूचना हीच की हा वर्ग कुस्कोतील मुक्कामाच्या शेवटी ठेवावा. विरळ हवेत शरीरातील पाणी लवकर कमी होते, मद्याने ते आणखी कमी होते, झोपेतील श्वासोच्छ्वासही मंदावतो. शिवाय दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणारे डोके उंचीमुळे दुखते आहे की आदल्या रात्रीच्या पेयामुळे, हे सांगता येत नाही, आणि उंचीचा त्रास अंगावर काढणे धोक्याचे असते. आम्ही मधले दिवस ओयान्तायतांबो आणि माचू पिचू येथे काढले. ही दोन्ही ठिकाणे कुस्कोपेक्षा बरीच खाली आहेत (माचू पिचू सुमारे २,४३० मीटर), त्यामुळे तेथून परत येईपर्यंत शरीर बऱ्यापैकी रुळले होते. उंचीवरील त्रासाची औषधे घ्यायची असल्यास निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावे. हॉटेलात मिळणारा कोकाच्या पानांचा चहा पेरूमध्ये कायदेशीर आहे, मात्र ती पाने सोबत घेऊन दुसऱ्या देशात उतरू नये, आणि नोकरीत अमली पदार्थांची चाचणी होत असेल तर तो चहाही टाळलेला बरा.

वेळ निवडताना सूर्यास्त लक्षात घ्यावा. कुस्कोत जूनमध्ये सूर्य साडेपाचच्या आतच मावळतो आणि डिसेंबरमध्येही सहाच्या फार पुढे जात नाही, त्यामुळे संध्याकाळी सातचा वर्ग घेणाऱ्यांना केवळ दिवे दिसतात. आमचा वर्ग साडेचारला सुरू झाला. चव घेण्याचा भाग उन्हात पार पडला. खाली लाल कौलांची छपरे, त्यांच्यापलीकडे प्लासा दे आर्मास या मुख्य चौकातील कॅथेड्रल आणि ला कोम्पान्यिया चर्चचे मनोरे स्पष्ट दिसत होते. हाताने काम करण्याची वेळ आली तेव्हा अंधारू लागले होते आणि समोरच्या डोंगरउतारावर एकेक दिवा लागत होता. खरे सांगायचे तर त्या वेळी कोणाचेच लक्ष मापाकडे नव्हते. दृश्यासाठीच वर्ग घ्यायचा असेल तर आरक्षणापूर्वी गच्ची उघडी आहे की काचबंद, आणि पाऊस आल्यास वर्ग कोठे हलवतात, हे विचारून घ्यावे. डिसेंबर ते मार्च पावसाचे दिवस असतात. कोरड्या हंगामात आकाश निरभ्र असते, पण जून-जुलैच्या रात्री पारा शून्याच्या आसपास येतो, म्हणून दुपारी कितीही ऊन असले तरी जाड कोट सोबत असावा.

वर्गाचा पहिला अर्धा तास पिस्को समजून घेण्यात गेला, आणि मला तोच भाग सर्वांत मोलाचा वाटला. पिस्को म्हणजे द्राक्षांचा रस आंबवून तांब्याच्या भट्टीत ऊर्ध्वपातन केलेले मद्य. पेरूच्या नियमांनुसार ऊर्ध्वपातनानंतर त्यात पाणी घालता येत नाही, ते लाकडी पिंपात मुरवता येत नाही, आणि ज्याचा वास किंवा रंग उतरणार नाही अशा भांड्यात ते किमान तीन महिने ठेवावे लागते. म्हणून ते पाण्यासारखे नितळ दिसते आणि जिभेवर येते ती द्राक्षांचीच चव. मद्यार्काचे प्रमाण ३८ ते ४८ टक्के असते. आठ जातींची द्राक्षे चालतात. त्यांपैकी केब्रांता आणि इतालिया या दोन जातींचे पिस्को आम्हाला शेजारी शेजारी ठेवून चाखायला दिले. केब्रांताला फारसा सुगंध नाही, पण चव भरदार आहे. इतालियाचा फुलांसारखा वास पेला नाकाजवळ येण्याआधीच जाणवतो. ही द्राक्षे कुस्कोची नव्हेत, किनाऱ्याकडील खोऱ्यांतली, हे शिकवणाऱ्या तरुणाने प्रामाणिकपणे सांगितले. पिस्को आपलेच, असा शेजारच्या चिलीचाही दावा आहे; चिलीच्या पिस्कोचा विषय निघताच मात्र त्याने हसून दुसरी बाटली उघडली.

कृती ऐकायला सोपी आहे. तीन भाग पिस्को, एक भाग लिंबाचा रस, एक भाग साखरेचा पाक, एका अंड्याचा पांढरा भाग आणि शेवटी वर अंगोस्तुरा बिटर्स या कडसर अर्काचे तीन थेंब. व्हिक्टर मॉरिस या अमेरिकन गृहस्थाने १९१६ मध्ये लिमात उघडलेल्या बारमध्ये हे पेय नावारूपाला आले, असे सामान्यतः सांगितले जाते. पेरूतील लिंबू हे आपल्या कागदी लिंबाच्याच जातीचे, लहान, हिरवे आणि झणझणीत आंबट असते, त्यामुळे चव ओळखीची वाटते. ते दाबून दाबून पिळायचे नाही, कारण सालीचा कडूपणा उतरतो. या एका गोष्टीवरून मला दोनदा टोकले गेले. सगळे जिन्नस प्रथम बर्फाशिवाय हलवायचे, म्हणजे अंड्याचा फेस धरतो, आणि मग बर्फ घालून शेकर हाताला गारठा लागेपर्यंत हलवायचा. बर्फाविना हलवताना शेकरचे झाकण थंडीने घट्ट बसलेले नसते, म्हणून ते दोन्ही हातांनी धरावे लागते. माझ्या बहिणीने ते एका हाताने धरले आणि शेजारच्या प्रवाशाच्या बाहीवर लिंबू, पाक आणि पिस्को यांचे बऱ्यापैकी मोठे माप गेले. गाळल्यानंतर पेल्यात बोटभर पांढरा फेस वर येऊन थांबला पाहिजे. तो लगेच विरला तर पहिल्या वेळी कमी हलवले, असे समजावे.

एक भाग तीस मिलिलिटरचा धरला तर तीन भाग, म्हणजे नव्वद मिलिलिटर पिस्को हा आपल्याकडच्या हिशेबाने दीड मोठा पेग, तोही एकाच पेल्यात. वर्गात चवीचे घोट आणि दोन पेये मिळतात. दुसरे पेय निम्मे करून मागितले तर कोणी वाईट मानत नाही. आधी पोटभर नाही तरी काहीतरी खाऊन जावे आणि मध्ये पाणी पीत राहावे. नळाचे पाणी पिऊ नये, आणि बर्फ शुद्ध पाण्याचा आहे ना, हेही विचारावे.

अंडे न खाणाऱ्यांनी आरक्षणाच्या वेळीच तसे कळवावे. कच्च्या अंड्याची धास्ती असणाऱ्यांनीही निर्जंतुक केलेले अंडे वापरतात का, हे विचारावे. माझी बहीण अंडे खात नाही, आणि झाकण उडवण्याचा पराक्रम तिने शिजवलेल्या काबुली चण्यांच्या पाण्यावर केला. त्याचाही फेस चांगला धरतो, फक्त किंचित जड लागतो. तिला दुसऱ्या खेपेस चिल्कानो शिकवले. त्यात पिस्को, लिंबू, जिंजर एल (आल्याच्या चवीचे फसफसते पेय) आणि बिटर्स एवढेच असते, हलवण्याची दगदग नाही, आणि माझ्या मते उंचीवर तेच पेय अधिक सुखाचे. मद्य न घेणाऱ्या सोबत्यासाठी जांभळा मका, अननसाची साल, दालचिनी आणि लवंग उकळून केलेला चिचा मोरादा मिळतो. तो त्याच गच्चीवर बसून पिता येतो, पण वर्गाची फी पूर्ण भरावी लागेल की नाही, हे आधी ठरवून घ्यावे.

बाटली विकत घ्यायची असल्यास लेबलवर द्राक्षांची जात आणि मद्यार्काचे प्रमाण वाचून घ्यावी आणि मोठ्या सामानातच ठेवावी. विमानतळावरील दुकानातून घेतलेली बाटली पुढच्या विमानतळावर सुरक्षा तपासणीत काढून घेतली जाऊ शकते. भारतात प्रत्येक प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येते. वर्ग संपल्यावर सान ब्लासहून खाली उतरण्याचा रस्ता तीव्र उताराचा आहे आणि फरशा वर्षानुवर्षांच्या वापराने गुळगुळीत झाल्या आहेत. आम्ही रबरी तळव्याचे बूट घातले होते, तरीही भिंतीला हात लावत उतरलो, आणि बारा कोनांचा प्रसिद्ध दगड असलेल्या हातुन रुमियोक गल्लीपर्यंत पोहोचायला आम्हाला पंचवीस मिनिटे लागली.