पाळी यायची वाट

"एक जण बोलत होता, बाकीचे आपली पाळी यायची वाट बघत होते." भाचीच्या ग्रुपचं इंग्रजी प्रेझेंटेशन संपल्यावर मॅडम एवढंच म्हणाल्या.

विषय आपल्या बडोद्याचाच. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेलीत सुरू केलेलं आणि १९०६ मध्ये संस्थानभर लागू केलेलं सक्तीचं प्राथमिक शिक्षण. मुलांचं पाठांतर चोख! पण अमरेलीवर बोलणारा थांबला आणि पुढच्याने "नेक्स्ट स्लाइड" म्हणत थेट १९०६ गाठलं. मधली १३ वर्षं हवेतच.

इंग्रजीची सगळ्यात धास्ती असलेली मुलगी मात्र समोर बघून, छोट्या वाक्यांत बोलली. मागच्या बाकांवरचे मोबाइल खाली गेले.

व्याकरण सगळेच घोटून घेतात. आधीच्याचं ऐकून त्याचा धागा उचलायची तालीम कुणी घेतं का?