डोळ्यातून धार लागली आणि डॉक्टर म्हणाल्या डोळे कोरडे आहेत

एप्रिलची २० तारीख होती. जीएसटीचं थ्री-बी रिटर्न भरायची शेवटची तारीख म्हणजे आमच्या ऑफिसात त्या दिवशी कोणी कोणाशी बोलत नाही, एका स्क्रीनवर एक्सेल, दुसरीवर पोर्टल, मधे चहाचा कप गार होऊन पडलेला, आणि माझ्या डाव्या डोळ्यातून पाणी गळून राहिलं होतं. थांबेचना. शेजारच्या टेबलवरच्या ताई हळूच म्हणाल्या, "काय झालं गं, घरी सगळं ठीक आहे ना?" मी म्हटलं, "हाव ताई, घरी ठीक आहे, डोळाच गळून राहिला."

खरं म्हणजे हे त्याच्या पाच-सहा महिने आधीपासून चालू होतं. दुपारी चारनंतर आकडे धूसर व्हायचे, पापणी मिटून उघडली की एकदम स्वच्छ, आणि दोन-चार सेकंदांनी परत धूसर. मला वाटलं नंबर वाढला. चष्म्याच्या दुकानात जाऊन तपासलं तर नंबर तोच. तिथे निळ्या प्रकाशाचा चष्मा घ्या म्हणाले, तोही घेतला, काही फरक नाही. हे नंतर कळलं की २०२३ साली कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास पडताळून बघणाऱ्या संस्थेने अशा चष्म्यांवरचे १७ अभ्यास एकत्र तपासले होते आणि साध्या काचेच्या तुलनेत डोळ्यांचा थकवा कमी होतो असं काही तिला दिसलं नाही. म्हणून सांगते, त्यात पैसे घालण्याआधी विचार करा.

त्याहून मोठी चूक मी केली ती ड्रॉप्सची, आणि ही गोष्ट लिहायचीच म्हणून आज बसले आहे. डोळे लाल राहायचे म्हणून घराजवळच्या मेडिकलमध्ये विचारलं, त्यांनी एक छोटी बाटली दिली, दोन दिवसांत डोळे पांढरे स्वच्छ. मला तर जादूच वाटली. मग लाल झाले की टाक, लाल झाले की टाक, असं करत दीड महिना गेला. ती बाटली स्टेरॉइडची होती. नावाखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, मी वाचलंच नाही, कोणी सांगितलंही नाही. स्टेरॉइडने सूज झटकन उतरते म्हणून डोळा छान दिसतो, पण काही लोकांत त्याने डोळ्याच्या आतला दाब वाढतो, आणि दाब वाढलेला आपल्याला कळत नाही, दुखत नाही, काही नाही. तो तसाच राहिला तर काचबिंदू. खूप दिवस वापरलं तर मोतीबिंदूही लवकर येतो. नंतर नागपुरातच धंतोलीच्या डोळ्यांच्या डॉक्टर मॅडमनी माझ्या डोळ्याचा दाब मोजला तर २४ आला, साधारण २१ च्या आत असायला पाहिजे. बाटली बंद केली, तीन आठवड्यांनी परत मोजला, १६. माझं निभावलं. डॉक्टर गरज असली तर थोड्या दिवसांसाठी स्टेरॉइड देतातही, पण ते दाब मोजून, तारीख ठरवून. आपल्या मनाने नाही. कृपा करून नाही.

तर धंतोलीला गेले ते डोळ्यातून पाणी येतं ही तक्रार घेऊन. सगळं तपासून मॅडम म्हणाल्या, "तुमचे डोळे कोरडे आहेत." मी म्हटलं, मॅडम, इथे रुमाल ओला होऊन राहिला आणि कोरडे कसे?

त्यांनी जे समजावलं ते मला इतकं पटलं की जसं आठवतं तसं लिहिते. डोळ्यावर आसवांचा एक पातळ पडदा असतो, तो नुसता पाण्याचा नसतो. बुबुळाला चिकटून राहायला खाली बुळबुळीत थर, मधे पाणी, आणि सगळ्यात वर अगदी पातळ तेल. हे तेल पापण्यांच्या कडेला रांगेने बसलेल्या बारीक ग्रंथींतून येतं, मायबोमियन ग्रंथी म्हणतात त्यांना, वरच्या पापणीत तीसेक आणि खालच्या पापणीत त्याहून थोड्या कमी. मला लगेच सावजी रस्सा आठवला, मी तसं म्हटलंही, आणि मॅडम म्हणाल्या अगदी बरोबर. वर तर्री असली की खालचा रस्सा वाफाळत बसत नाही, किती वेळ गरम राहतो. तर्री काढून घ्या, मग बघा. डोळ्यावरची तर्री कमी झाली की खालचं पाणी भराभर उडून जातं, बुबुळ उघडं पडतं, ते चुरचुरायला लागतं, आणि चुरचुरलं की डोळा घाबरून एकदम भरपूर पाणी सोडतो, कांदा चिरताना सोडतो तसं. पण ते नुसतं पाणी, त्यात तेल नाही, ते टिकत नाही, गालावर ओघळून जातं. म्हणून धार आणि कोरडेपणा एकाच वेळी.

तपासणी साधीच होती. खालच्या पापणीत टिपकागदाची बारीक पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवतात आणि किती मिलिमीटर ओली झाली ते बघतात, माझी १७ झाली, म्हणजे पाणी बनतंय व्यवस्थित. मग नारिंगी रंगाचा थेंब टाकून निळ्या उजेडात पापणी न लवता बघायला लावलं, पडदा फाटायला किती सेकंद लागतात ते मोजायला. दहाच्या खाली गेलं की गडबड समजतात. माझा ४ सेकंदांत फाटला. मग मॅडमनी पापणीची कड हलकेच दाबली, तिथून पातळ तेल यायला पाहिजे होतं, आलं ते टूथपेस्टसारखं घट्ट.

आणि याचा कॉम्प्युटरशी संबंध काय, तर पापणी लवणं. प्रत्येक वेळी पापणी पूर्ण मिटते तेव्हा त्या ग्रंथी दाबल्या जातात, थोडं तेल बाहेर येतं आणि डोळ्यावर पसरतं. गप्पा मारताना आपण मिनिटाला १५-२० वेळा पापणी लववतो, स्क्रीनकडे टक लावली की ते ५-७ वर येतं. आणि त्यातल्याही कितीतरी अर्धवट, वरची पापणी खालपर्यंत पोचतच नाही. मला विश्वास बसला नाही म्हणून ताईंना सांगितलं, मी काम करत असताना मला न सांगता एक मिनिटाचा व्हिडिओ काढा. सहा. त्यातल्या चार अर्ध्या. म्हणजे पूर्ण पापणी मी मिनिटाला दोनदा मिटत होते, आणि दिवसाचे नऊ-दहा तास, वर्षानुवर्षं. तुम्हीही काढून घ्या असा व्हिडिओ, फक्त कळू न देता काढायला सांगा, कळलं की आपण मुद्दाम मिचकावतो.

त्यात आपलं नागपूर. एप्रिल-मेच्या दुपारी हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली जाते, वर्धा रोडने गाडीवर आलं की लू सरळ डोळ्यात. ऑफिसात एसी, तो हवेतला उरलासुरला ओलावाही काढून घेतो, आणि त्याचा झोत नेमका माझ्या डोक्यावर. घरी कूलर. कूलरची हवा ओलसर असते त्यामुळे मला वाटायचं ती तरी बरी, पण थेट तोंडावर वारा आला की ओली असो की कोरडी, पडदा वाळवतेच, आणि काहींच्या पापण्या झोपेत पूर्ण मिटत नाहीत, रात्रभर कूलर तोंडावर घेतला की सकाळी डोळे उघडायला त्रास. आता आमचा कूलर पायाकडे आहे. ऑफिसात एसीची पट्टी वळवून घेतली, त्याला मात्र दोन अर्ज आणि एक भांडण लागलं.

अजून एक बदल अगदी फुकटचा. माझा मॉनिटर मी कागदाच्या दोन रीमवर चढवून ठेवला होता, मान दुखते म्हणून. पण नजर जितकी वर तितका डोळा जास्त उघडा, तितकं पाणी जास्त उडणार. रीम काढल्या. नजर थोडी खाली राहिली की पापणी आपोआप अर्ध्यावर येते. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब बघायचं ते सगळ्यांना माहीत असतं, मी त्यात एवढंच जोडते की त्या वीस सेकंदांत चार-पाच वेळा डोळे सावकाश पूर्ण मिटते, जरा थांबते, मग उघडते.

आता आईबद्दल, कारण हे माझ्या मनातून जात नाही.

आई चार वर्षांपासून म्हणत होती, डोळ्यात रेती गेल्यासारखं वाटते. आम्ही सगळे एकच उत्तर द्यायचो, मोबाईल कमी बघ. मीच सगळ्यात जास्त. दुसऱ्या खेपेला तिला सोबत घेऊन गेले तर तिची पट्टी ४ मिलिमीटर. पाचच्या खाली म्हणजे चांगलाच कोरडेपणा. तिच्याकडे तेल ठीक आहे, पाणीच बनत नाही. पाळी गेल्यावर बायकांमध्ये हे खूप वाढतं, आणि त्यात आई सर्दीसाठी रोज रात्री सेट्रिझिन घेत होती, त्यानेही आसवं आटतात. मॅडमनी तिला तोंड कोरडं पडतं का, सांधे दुखतात का असंही विचारलं, कारण शोग्रेन नावाच्या आजारात लाळ आणि आसवं दोन्ही कमी होतात. त्याची रक्त तपासणी केली, निघालं नाही, बरं झालं. पण चार वर्षं ती सांगत होती आणि आम्ही ऐकलं नाही. आई मोबाईल बघते दिवसाला तासभर, मी बघते दहा तास स्क्रीन, आणि मी तिला शिकवत होते.

तर एकाच घरात दोन वेगळे कोरडेपणे. तिला ड्रॉप्स दिवसातून सहा वेळा, म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या छोट्या एकेका वेळच्या कुप्या, कारण साध्या बाटलीतलं प्रिझर्व्हेटिव्ह वारंवार गेलं की तेच डोळ्याला टोचतं. मला ड्रॉप्स कमी आणि शेक जास्त. स्वच्छ टॉवेल सोसवेल इतक्या गरम पाण्यात पिळून मिटलेल्या डोळ्यांवर, आठ-दहा मिनिटं, म्हणजे ते घट्ट झालेलं तेल पातळ होतं, मग वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर, कडेच्या दिशेने बोटाने हलकेच. टॉवेल दोन मिनिटांत गार होतो, परत परत गरम करावा लागतो, आणि मेमध्ये बाहेर ४५ डिग्री असताना डोळ्यांवर गरम टॉवेल घ्यायचा जीवावर येतं. मला फरक पडायला पाच आठवडे लागले. दहा दिवसांत सोडून देणार होते.

शेजारच्या काकूंनी गुलाबपाणी सांगितलं, कोणी मध सांगितला, ते डोळ्यात नका घालू, निर्जंतुक नसतं ते. ओमेगा-३ च्या गोळ्यांचं म्हणाल तर २०१८ मध्ये अमेरिकेत मोठा अभ्यास झाला, लोकांना वर्षभर रोज ३००० मिलिग्रॅम दिलं, पण ज्यांना ऑलिव्ह तेलाच्या गोळ्या दिल्या त्यांच्यापेक्षा जास्त आराम काही पडला नाही. जवसाची चटणी आमच्याकडे रोज असते, ती चवीसाठी. आणि डोळा खूप दुखला, उजेड सहन होईना, किंवा दिसणं अचानक कमी झालं तर माझा हा लेख वगैरे वाचत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

माझी परवा परत तपासणी झाली, पडदा फाटायचे ४ चे ७ सेकंद झालेत. आईलाही शेक आवडायला लागला, तिला तसा तो कोणी सांगितला नाही, पण मॅडम म्हणाल्या घेऊ दे. रात्री जेवणं झाली की आम्ही दोघी हॉलमध्ये डोळ्यांवर टॉवेल टाकून पडतो, बातम्या नुसत्या ऐकतो, आणि गार झाला की ती तशीच डोळे मिटून आवाज देते, "झाला वं थंडा, आण दुसरा."