जावावरचा प्रवासी

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूलला 'ट्रिंकोमाली' ही शिडाची युद्धनौका उभी आहे. लोकांना ती फिरून दाखवणं ही माझी नोकरी. येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, हिने कुठली लढाई मारली? एकही नाही म्हटलं की चेहरे पडतात. शिडांच्या जहाजांवरच्या कादंबऱ्या वाचून आलेले तर जास्तच हिरमुसतात. त्यांच्या डोक्यात धूर, कोसळणाऱ्या डोलकाठ्या आणि रक्ताने निसरडा झालेला डेक असतो. इथे तोफा घासूनपुसून ओळीत मांडलेल्या.

त्या दिवशी पाऊस होता, गर्दी नव्हती. माझ्या वाट्याला तिघंच आले. एक इंग्रज गृहस्थ, निवृत्त शिक्षक, कोटाच्या खिशात कोपरे झिजलेली समुद्रकादंबरी. आणि एक मराठी जोडपं. मुलगा मिडल्सबरोला डॉक्टर. तो आई-वडिलांना दारात सोडून ड्यूटीवर गेला होता. छातीवरची माझ्या नावाची पट्टी वाचून काकूंनी विचारलं, "मराठी का गं तू?" झालं, तिथून पुढची फेरी दोन भाषांत.

काका शिरपूर तालुक्यातले, वनखात्यातून निवृत्त. तोफांच्या डेकवर इंग्रज गृहस्थ वाकून तोफांच्या खिडक्या न्याहाळत होते आणि काका लाकडावर बोटांनी टकटक करत होते. "साग आहे हा," ते म्हणाले. खरंच आहे, मलबारचा. नेपोलियनशी लढता लढता इंग्लंडमध्ये चांगल्या ओकची टंचाई झाली होती. ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात, सागाच्या तेलाने ते टिकतात. मुंबईच्या गोदीत वाडियांचं काम आधीच नावाजलेलं होतं, म्हणून ही ऑर्डर जमशेदजी बमनजी वाडियांकडे गेली. जहाजाचा कणा बसवताना पारशी रिवाजाप्रमाणे चांदीचा खिळा ठोकत, हे सांगितल्यावर काकू थांबल्या. "दिसतो का कुठे?" नाही दिसत. काकूंचा जहाजातला रस तिथेच निम्मा झाला.

"पाण्यात कधी उतरवली?" काकांनी विचारलं.

"12 ऑक्टोबर 1817."

"म्हणजे खडकीच्या लढाईला महिनाही नव्हता," ते लगेच म्हणाले. इतक्या दिवसांच्या नोकरीत हे दोन प्रसंग शेजारी ठेवायचं मला सुचलं नव्हतं. घाटाखाली गोदीत नवी फ्रिगेट, म्हणजे वेगवान शिडाची युद्धनौका, पाण्यात सरकतेय आणि घाटावर पेशवाईचा शेवट जवळ येतोय.

इंग्रज गृहस्थांचं गणित वेगळं होतं. पाटीवर ऑर्डरचं साल त्यांनी 1812 वाचलं होतं. एवढी वर्षं का लागली? हा प्रश्न मला आवडतो, कारण याचं उत्तर गोष्टीसारखं आहे. जहाजाचे नकाशे विलायतेहून मुंबईला 'जावा' नावाच्या फ्रिगेटवरून निघाले होते.

'जावा' म्हणताच ते ताठ झाले आणि डोकं वरच्या तुळईला आपटलं. हे रोज कुणाचं तरी होतं. पण त्यांना त्याचं भानच नव्हतं. ती लढाई त्यांना पाठ होती. इतिहासातूनही आणि कादंबऱ्यांतूनही. पुढची दहा मिनिटं वाटाड्या ते झाले आणि मी दुभाषी. 29 डिसेंबर 1812, ब्राझीलचा किनारा. अमेरिकेची 'कॉन्स्टिट्यूशन' समोर. तिचं सुकाणूचं चाक 'जावा'च्या गोळ्याने उडालं, तर खाली माणसं उभी करून त्यांनी दोरखंडांनी सुकाणू फिरवलं. मग 'जावा'च्या डोलकाठ्या एकेक करून गेल्या. तिच्या कॅप्टन लॅम्बर्टला प्राणघातक गोळी लागली. 'कॉन्स्टिट्यूशन'चा जिंकलेला कॅप्टन बेनब्रिज, त्याने 'जावा'चं चाक काढून आपल्या जहाजाला बसवलं आणि खिळखिळी झालेली 'जावा' जाळून टाकली. हातवारे करत ते सांगत होते. काका मन लावून ऐकत होते, काकू बाकावर बसल्या होत्या.

"आणि तिच्या पोटात मुंबईच्या गोदीसाठी तांब्याचे पत्रे होते आणि या जहाजाचे नकाशे," मी म्हटलं. हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांचा दोष नाही. कादंबरीतलं जहाज कॅप्टनने पाय ठेवल्यावर सुरू होतं. सुतार, पत्रे, कागद यांना तिथे कोण विचारतो?

नकाशे पुन्हा मागवावे लागले. कणा बसला 1816 साली, तोवर नेपोलियन सेंट हेलेनाला पोचला होता. 1819 मध्ये ट्रिंकोमाली पोर्ट्समथला आली, तर तिची गरजच उरली नव्हती. डोलकाठ्या उतरवून पंचवीसेक वर्षं नुसती बांधून ठेवली. याच आराखड्याची 'शॅनन' 1813 मध्ये 'चेसापीक'ला पकडून अजरामर झाली; 1859 मध्ये तिचं लाकूड मोडीत काढलं. त्या वर्गातली दुसरी उरलेली 'युनिकॉर्न' डंडीला आहे, तीही कधी लढली नाही. माझं मत मी पाहुण्यांना स्पष्ट सांगते: हिरमुसू नका, लढली असती तर तुम्ही आज हिच्यावर उभे नसता.

एरवी माझी गोष्ट इथे संपते. त्या दिवशी काकांनी विचारलं, "मुंबईला निघालेलं जहाज म्हणजे साहेब लोकही असतील ना वर?"

"होता एक. लेफ्टनंट जनरल हिस्लॉप."

"हिस्लॉप? महिदपूरचा?"

इंग्रज गृहस्थांना हिस्लॉप ठाऊक होता तो सभ्य कैदी म्हणून. बेनब्रिजने त्याची चांदीची भांडी परत केली आणि हिस्लॉपने त्याला तलवार भेट दिली, अशी हकीकत त्यांनी कौतुकाने सांगितली. मी तिचं मराठी केलं. काकांनी मान डोलावली आणि म्हणाले, "आता माझी सांग त्यांना."

हिस्लॉप सुटला आणि पुढे मद्रासच्या फौजेचा सरसेनापती होऊन दख्खनेत आला. 21 डिसेंबर 1817 रोजी महिदपूरला त्याने होळकरांच्या फौजेचा पराभव केला. तिथून दक्षिणेकडे परतताना फेब्रुवारी 1818 मध्ये तो तापीकाठच्या थाळनेरच्या किल्ल्यापुढे आला. होळकरांनी तहात तो किल्ला देऊन टाकला होता. किल्लेदार तुळशीराम मामा शरण आला होता, पण आतल्या दरवाजात बोलाचालीचा गोंधळ झाला, झटापट झाली, इंग्रज अधिकारी पडले. मग शिबंदीची कत्तल झाली आणि हिस्लॉपने किल्लेदाराला फाशी दिलं. यावर पुढे विलायतेत पार्लमेंटमध्येही टीका झाली. काकांचं गाव थाळनेरपासून दोन-तीन कोसांवर. ही गोष्ट त्यांनी पुस्तकात नंतर वाचली, आधी आजोबांकडून ऐकली.

मी सगळं इंग्रजीत सांगितलं, काहीही मऊ न करता. गृहस्थ जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, म्हणजे त्या जहाजावरचे कागद बुडाले आणि माणूस पोचला. नंतर खिशातली कादंबरी काढून तिच्या शेवटच्या कोऱ्या पानावर त्यांनी 'थाळनेर' लिहून घेतलं. काकांनी स्पेलिंग तपासलं, टी नंतरचा एच घालायला लावला आणि नदीचं नावही लिहायला सांगितलं.

तेवढ्यात काकूंनी चहाचा विषय काढला आणि तिघंही कॅफेकडे गेले. बिल कोणी द्यायचं यावर तिथे बरीच ओढाताण झाल्याचं नंतर कळलं.

आमची फेरी पाऊण तासाची ठरलेली आहे. त्यात आता मी जहाजाच्या पुढच्या टोकावरच्या शिल्पाचं वर्णन आटपतं घेते आणि वाचलेल्या वेळात हिस्लॉपला बसवते, तलवार आणि थाळनेर दोन्हींसकट. काहींना लढाई मिळाल्याचं समाधान होतं. शाळेची मुलं असली की मात्र हे सगळं व्यर्थ. त्यांना फक्त खलाशी संडासला कुठे जायचे एवढंच हवं असतं.