आमची वाटचाल: मायको पंप, बोटी आणि १३ अंश

रत्नागिरीत मिरकरवाडा बंदरापासून दहा मिनिटांवर डिझेल इंजिनांच्या इंधन पंपांचं आमचं वर्कशॉप. २००४ साली सुरू केलं तेव्हा भाड्याचा गाळा, एक व्हाइस आणि एक नोजल टेस्टर एवढंच भांडवल होतं. आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक होऊन मी कोल्हापुरात एका पंपवाल्या उस्तादांकडे सहा वर्षं काढली होती. प्लंजर-बॅरल, कॅलिब्रेशन, गव्हर्नर, सगळं तिथं शिकलो. हे पंप बनवणाऱ्या मायको कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं, पण आमच्या लाइनीत पंप म्हणजे आजही मायकोच.

पहिली दहा-बारा वर्षं लोक नुसता पंप काढून आणायचे. आम्ही बेंचवर चढवून द्यायचो, इंजिनावर बसवणारा मिस्त्री वेगळा. मग कॉमन रेलची, म्हणजे कॉम्प्युटरवर इंजेक्शन चालणारी ट्रकची इंजिनं भंगारात येऊ लागली. ५.९ लिटरचं सहा सिलिंडरी कमिन्स स्वस्तात मिळायचं, ताकद भरपूर. पण खाऱ्या हवेत ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, टिकत नाही. कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात, एक सेन्सर गेला की इंजिन गप्प, आणि भर समुद्रात स्कॅनर लावायला कोण येणार? म्हणून मालक सांगू लागले, ही वायरिंगची भानगड काढा, साधा पंप लावा. रेल आणि ईसीएम उतरवून पुढची गियर केसिंग, इनलाइन पंप, मेकॅनिकल इंजेक्टर, असं ते काम.

पहिलंच कन्व्हर्जन अंगाशी आलं. ३१ जुलैला मासेमारीबंदी संपते, त्यामुळे जुलैभर घाई. टायमिंग म्हणजे पिस्टन माथ्यावर यायच्या किती अंश आधी डिझेल आत उडवायचं ते. आम्ही क्रँकच्या टोकावरच्या डॅम्पर पुलीवरची खूण पाहून ते धरलं, पंपाच्या गियरचा नट आवळला, धक्क्यावर तासभर चालवून दिलं. बोट बाहेर पडली आणि तिसऱ्या तासाला धूर ओकायला लागली, ओढच संपली. दुसऱ्या बोटीनं दोर लावून बंदरात आणली. बोट चालवणारा तांडेल मला एवढंच म्हणाला, "भाऊ, बर्फ भरलेला होता." त्या फेरीचं डिझेल आणि बर्फ मी भरून दिलं.

खोलल्यावर दोन चुका सापडल्या, दोन्ही आमच्याच. या पंपाचा शाफ्ट टेपर, म्हणजे निमुळता असतो. गियर चावीवर नाही, त्या टेपरच्या पकडीवर धरलेला असतो. आम्ही बसवताना टेपरवर तेलाचा हात राहिला होता, लोड आला तसा गियर सरकला. दुसरी चूक त्याहून बारीक. डॅम्परची बाहेरची रिंग रबरावर चिकटवलेली असते. जुन्या इंजिनात ते रबर सुटतं, रिंग फिरते आणि तिच्यासोबत खूणही. म्हणजे गियर सरकला नसता तरी टायमिंग चुकलेलंच होतं.

तेव्हापासून आमच्याकडे कुणाच्या खुणेवर काम होत नाही. एक नंबर सिलिंडरच्या व्हॉल्व्हची स्प्रिंग काढून व्हॉल्व्ह पिस्टनवर टेकवतो आणि त्यावर डायल गेज लावतो. माथ्यावर पोचलेला पिस्टन काही अंश हलल्यासारखा दिसतच नाही, म्हणून डायलचा काटा थांबला ती टीडीसी (पिस्टनची सगळ्यात वरची जागा), असं धरलं की फसलात. माथ्याच्या अलीकडे आणि पलीकडे एकसारखं रीडिंग येईल अशा दोन खुणा पुलीवर करायच्या, त्यांचा मध्य ती खरी टीडीसी. मग पुलीच्या कडेवर टेप. व्यास २४० मिलिमीटर असेल तर घेर ७५४, म्हणजे एका अंशाला जेमतेम २.१ मिलिमीटर. १३ अंश आधी म्हणजे सव्वासत्तावीस मिलिमीटर. खडूची रेघच अर्ध्या अंशाची होते, म्हणून आम्ही सुईनं ओरखडा काढतो.

पंपाच्या बाजूला स्पिल, म्हणजे डिझेलची धार बघून इंजेक्शनची सुरुवात शोधायची रीत. पहिल्या एलिमेंटचा (एक नंबर सिलिंडरला डिझेल देणाऱ्या प्लंजर-बॅरलचा) डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग काढून होल्डर परत बसवायचा, वर वाकडी नळी, आणि उंचावर डिझेलचा डबा. इंजिन चालीच्या दिशेनंच, पान्यानं, हळू फिरवायचं. आधी धार असते, मग ती बारीक होते, मग थेंब. दोन थेंबांत दहा-पंधरा सेकंद जायला लागले की प्लंजरनं पोर्ट बंद केलं, म्हणजे इंजेक्शनची सुरुवात तिथं. नवी पोरं हमखास स्टॉप लिव्हर ओढलेला ठेवतात आणि अर्धा तास धार बघत बसतात. रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी पट्टी) स्टॉपवर असेल तर पोर्ट बंद होऊनही डिझेल खाचेतून निसटतच राहतं. इंजेक्शनची सुरुवात सापडते त्या वेळी सहा नंबरचे व्हॉल्व्ह झुलत (एक मिटताना दुसरा उघडत) असले पाहिजेत, नाहीतर एक नंबर एक्झॉस्टच्या फेरीवर आहे आणि सगळी मेहनत पाण्यात. शेवटी टेपर आणि गियरचं भोक दोन्ही थिनरनं पुसून कोरडं करायचं, गियरची ढिलाई एका बाजूला घेऊन मगच टॉर्क रेंच. नट आवळल्यावर स्पिल पुन्हा बघतो, कारण आवळतानाही एखादा अंश हलतो.

किती अंश ठेवायचे याचा एक आकडा नाही. आम्ही १३ वरून सुरुवात करतो आणि नोजल बघून पुढे-मागे होतो. या पंपाला आपोआप अॅडव्हान्स होण्याची, म्हणजे वेग वाढला की इंजेक्शन आधी नेण्याची सोय नाही, आणि ट्रॉलचं जाळं ओढताना बोट तासन्‌तास एकाच आरपीएमवर चालते, त्यामुळे एक अंश कमी-जास्त झाला तरी डिझेलच्या बिलात दिसतो. जास्त अॅडव्हान्स केलं की मशीन कडक बोलतं, मालकाला आवडतं, आणि महिन्याभरात हेड गॅस्केट जातं. असं मागणाऱ्याला आम्ही सरळ नाही म्हणतो.

रस्त्यावरच्या गाड्यांचं कन्व्हर्जनही करत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये ते बसत नाही, आणि आरटीओत खेटे घालायला माझ्याकडे वेळ नाही.

आज स्वतःचा गाळा आहे, टेस्ट बेंच आहे, तीन मुलं कामाला आहेत. प्रत्येक इंजिनाचे अंश, नोजल नंबर आणि तारीख वहीत लिहिलेली असते. जुलैचं बुकिंग मे महिन्यातच भरतं, तेव्हा आधी फोन करा. आणि कन्व्हर्जनचा पंप एकटा गोणीत घालून आणू नका. टायमिंग इंजिनावरच धरावं लागतं, आम्ही बोटीवर येतो.