काकूंची बावीस किलोंची बॅग

डिसेंबरातला शनिवार. नौपाड्यातलं आमचं डायव्हिंग-सामानाचं दुकान बंद करायच्या बेतात होतो, तेवढ्यात एक काका भलीमोठी बॅग घेऊन धापा टाकत जिना चढून आले. मागून काकू, हातात फक्त पर्स.

"कुठे निघालात डायव्हिंगला?" मी काकांना विचारलं.

"मी नाही हो, ही. मी हमाल."

काकू वर्तकनगरच्या, निवृत्त शिक्षिका, वय सत्तावन्न. गेल्या वर्षी अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर ओपन वॉटर, म्हणजे डायव्हिंगचा पहिला कोर्स केला आणि मग वर्षभर इकडून तिकडून सामान जमवलं. सोमवारी पहाटे पोर्ट ब्लेअरचं विमान, तिकिटावर १५ किलो. बॅग काट्याला टांगली, तर २२ किलो ३००. त्यांना हवे होते फक्त हलके फिन्स, म्हणजे पायात घालायचे पंख.

सगळं फरशीवर मांडलं. आधी निघाला पाण्याखाली जाण्यासाठी कमरेला बांधायचा शिशाचा पट्टा, ४ किलोंचा! शिसं तिथेही शिसंच असतं आणि कुठल्याही सेंटरवर मिळतं. मग ५ मिलिमीटर जाडीचा वेटसूट, पाण्यात ऊब देणारा रबरी पोशाख. अंदमानचं पाणी २७-२८ अंशांचं, तिथे हा सूट म्हणजे मे महिन्यात ठाण्यात लोकरीचा स्वेटर. ३ मिलिमीटरचा तिथेच भाड्याने मिळेल. फिन्स मात्र बदलू दिले नाहीत. पाऊल लहान, भाड्याचे ढिले पडून पोटरीत गोळे आले असते.

मास्क मीच विकला. काकूंना उणे तीनचा नंबर, आणि गेल्या वर्षीचं कासव त्यांच्या शब्दांत "हिरवट डबा" होतं. नंबरच्या भिंगाचा मास्क पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवला, नाकाने श्वास ओढायला सांगितला. चिकटून राहिला. काकू आरशात बघून इतक्या हसल्या की तो सुटून पडला.

शेवटी रेग्युलेटर, सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणारं यंत्र. ओळखीच्या एकाकडून घेतलेला सेकंडहँड, "फक्त दोनदा वापरलेला". सिलिंडरला जोडायच्या भागाची, म्हणजे फर्स्ट स्टेजची धूळटोपी काढली आणि हात थांबला. आतला फिल्टर हिरवागार. टोपी न लावता कोणीतरी तो पाण्यात बुडवून धुतला होता, किंवा धुताना तोंडाकडच्या भागावरचं हवा सोडायचं पर्ज बटण दाबलं होतं. खारं पाणी आत गेलं की पितळ असं हिरवं पडतं. सिलिंडरमधला २०० बारचा दाब इथे दहाच्या आसपास उतरतो. फिल्टर तुंबलेला असेल, तर वर श्वास ठीक वाटतो. खोलीवर हवा घट्ट लागते, तेव्हा ओढत बसावं लागतं.

"सोमवारपर्यंत होईल दुरुस्त?"

"नाही. हा इथेच ठेवा. तिथला भाड्याचा घ्या, आणि बुडी मारायच्या आधी त्याच्या दोन्ही तोंडांतून, मुख्य आणि राखीव, श्वास घेऊन बघा."

काकू गप्प झाल्या. चांगले पैसे मोजले असणार. ओळखीतला माणूस, त्यामुळे भांडणही करता येत नाही. मग म्हणाल्या, "टोपी काढून बघायचं मला कोणी शिकवलंच नाही."

खोली आणि वेळ दाखवणारा डाइव्ह कॉम्प्युटर आणि लिथियम सेलची टॉर्च केबिनच्या पिशवीत हलवली. परतीच्या विमानाआधी निदान १८ तास पाण्याबाहेर राहायचं, हे काकांच्या डायरीत लिहून घेतलं. काटा पुन्हा टांगला. १२ किलो ६००.

"म्हणजे लाडूंचा डबा बसतोय," काका म्हणाले.

सोमवारी रेग्युलेटर उघडला. पिस्टनवर मिठाचा पांढरा थर होता, नखाने खरवडला तर पापुद्रा निघाला. तो फिल्टर आता काउंटरच्या काचेखाली ठेवलाय. लोक विचारतात, हे हिरवं काय?