गाळात उलटलेली चुंबकीय दिशा शोधताना: माझा अनुभव

पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र काही शतकं डळमळतं, क्वचित पुरतं उलटतं आणि पुन्हा जागेवर येतं. याला आम्ही जुन्या चुंबकत्वाचा अभ्यास करणारे एक्स्कर्शन म्हणतो. सर्वांत प्रसिद्ध लाशां, सुमारे ४१ हजार वर्षांपूर्वीचं. १९६७ साली ते फ्रान्समधल्या लाव्हात सापडलं. पुढे काळ्या समुद्राच्या गाळावरून दिसलं की दिशा पूर्ण उलटी राहिली ती जेमतेम ४४० वर्षं.

गाळातले चुंबकीय कण साचताना तेव्हाच्या क्षेत्राची दिशा धरून ठेवतात; इतकी थोडा काळ टिकलेली उलटी दिशा मला गाळात शोधायची होती. म्हणून माझी पहिली चाळणी होती गाळ साचण्याचा वेग. हजार वर्षांत दोनच सेंटिमीटर साचत असेल, तर ही सगळी घडामोड एका सेंटिमीटरात मावते, आणि तळातले किडे तेवढा थर सहज ढवळून टाकतात. मी उत्तर गोलार्धातला, हजार वर्षांना वीसेक सेंटिमीटर साचलेला कोअर (तळातून काढलेला गाळाचा उभा दंडगोल) निवडला.

उभ्या चिरलेल्या कोअरमध्ये दोन सेंटिमीटर रुंदीची चौकोनी प्लास्टिकची पन्हळ दाबून बसवायची, खालून मासेमारीचा नायलॉन दोरा ओढत नेऊन गाळ कापायचा आणि पन्हळ अलगद उचलायची. दोरा शिंपल्याला अडकला की धडधड वाढते. मग पन्हळ अतिवाहक मॅग्नेटोमीटरमधून, म्हणजे अगदी क्षीण चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्रातून सरकते. प्रत्यावर्ती, म्हणजे दिशा सतत उलटसुलट होणारं चुंबकीय क्षेत्र लावून ते पायरीपायरीने वाढवत नेलं की ड्रिलिंगच्या नळ्यांनी चढवलेलं चुंबकत्व उतरतं आणि खालचं जुनं उरतं.

कोअरच्या एका पट्ट्यात नतिकोन (चुंबकीय दिशा आडव्या पातळीखाली किती झुकते तो कोन) उणे आला. उत्तर गोलार्धात तो अधिक असायला हवा, म्हणजे दिशा उलटी. मी खूश! माझ्या मार्गदर्शक मॅडमनी आलेख पाहिला आणि विचारलं, "ग्रेगाइट नाही ना, बघितलंस?"

खरी मेहनत इथे सुरू झाली. ग्रेगाइट हे लोहाचं सल्फाइड. ते असलेल्या नमुन्यावरचं प्रत्यावर्ती क्षेत्र साठेक मिलीटेस्लाच्या (क्षेत्राच्या तीव्रतेचं एकक) पुढे नेलं की तो यंत्रातच नवं चुंबकत्व धरतो, आणि खोटी उलटी दिशा सहज तयार होते. तपासणी सोपी पण कंटाळवाणी: त्याच पट्ट्यातून छोटे ठोकळे काढायचे, हे क्षेत्र ज्या अक्षांवर एकामागून एक लावतो त्यांचा क्रम बदलून पुन्हा तेच मोजमाप करायचं. क्रमाबरोबर दिशा बदलली की समजायचं, यंत्राचा खेळ आहे. आमची दिशा हलली नाही. शिवाय उलटी दिशा साठ मिलीटेस्लाच्या आधी, कमी क्षेत्रातच दिसू लागली होती. गाळ घसरून उलथला नसल्याचं एक्स-रे चित्रातल्या सलग थरांनी दाखवलं.

तरी एका कोअरवर कोण विश्वास ठेवणार? शेजारच्या, कमी वेगाने साचलेल्या कोअरमध्ये त्याच वयाच्या पट्ट्यात नतिकोन नुसता सपाट झालेला दिसला, उलटला नाही. उलट, मला हे पटण्यासारखंच वाटलं. मॅग्नेटोमीटर आजूबाजूचे काही सेंटिमीटर एकत्र वाचतो, त्यामुळे बारीक पट्टा पुसट होणारच. क्षेत्राची तीव्रता मात्र दोन्हीकडे त्याच जागी कोसळलेली होती.

वयाचं भांडण अजून मिटलेलं नाही. कार्बनवरून वय काढणाऱ्या रेडिओकार्बनची मजल सुमारे ५० हजार वर्षांपर्यंतच, आणि ४१ हजाराला तो चाचपडतच चालतो. म्हणून आता बेरिलियम-१० (बेरिलियमचं एक किरणोत्सारी रूप) मोजायला नमुने पाठवलेत. क्षेत्र दुबळं पडलं की वैश्विक किरणं जास्त आत येतात आणि वातावरणात ते जास्त तयार होतं. आमच्या पट्ट्यात ते वाढलेलं निघायला हवं.